स्टीरिओ फोटो काढण्याआधी तो कुठे बघणार ते ठरवा

मॉनिटरवर जपून तयार केलेले माझे स्टीरिओ फोटो, म्हणजे डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी वेगवेगळे काढलेले आणि एकत्र बघितल्यावर खोली दाखवणारे जोडफोटो, पहिल्यांदा सभागृहात दाखवले, तेव्हा पुढच्या रांगांतल्या लोकांनी पाच मिनिटांत चष्मे काढून हातात धरले. कुणी डोळे चोळत होतं, कुणी पडद्याऐवजी शेजाऱ्याकडे बघत होतं. मागच्या रांगा मात्र खुशीत होत्या. फोटो तेच होते, चष्मे तेच होते, प्रोजेक्टरही नीट जुळवलेला होता. चूक फोटो काढतानाच होऊन गेली होती. हा फोटो कोण बघणार, केवढ्या आकारात आणि किती अंतरावरून, हे शटर दाबताना मी स्वतःला विचारलंच नव्हतं.

साध्या फोटोत हा प्रश्न पुढे ढकलता येतो. छोटी प्रिंट काढा, मोठी काढा, फोटो बिघडत नाही. स्टीरिओत तसं चालत नाही. चौकट कापणं, रंग सुधारणं, खिडकी, म्हणजे चित्राच्या कडांची चौकट, दृश्याच्या पुढे-मागे सरकवणं हे सगळं नंतर करता येतं. पण दोन फोटो एकमेकांपासून किती अंतरावरून काढले, म्हणजे ज्याला आपण बेस म्हणतो, तो एकदा ठरला की ठरला. आणि तो केवळ समोरच्या दृश्यावरून ठरवायचा नसतो. बघण्याच्या जागेवरून मागे येत येत तो काढायचा असतो.

स्टीरिओचा जन्मही याच क्रमाने झाला, ही गोष्ट मला फार आवडते. चार्ल्स व्हीटस्टोन यांनी आरशांचा स्टीरिओस्कोप १८३८ मध्ये जगापुढे मांडला आणि दागेरोटाइप या फोटो काढण्याच्या सुरुवातीच्या पद्धतीची घोषणा झाली १८३९ मध्ये. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवली की खोली दिसते, हे आपलं म्हणणं व्हीटस्टोन यांनी सिद्ध केलं ते रेघांच्या चित्रांवर. बघण्याचं साधन आधी आलं आणि कॅमेरा त्यामागून.

फोटो मोठा होतो, डोळे होत नाहीत

डाव्या आणि उजव्या फोटोत एखादी वस्तू आडवी जेवढी सरकलेली दिसते, तो तिचा पॅरॅलॅक्स. पुढे सगळीकडे मी जवळची वस्तू पडद्याच्या पातळीवर ठेवली आहे असं धरतो. मग सगळ्यात मागच्या वस्तूचा पडद्यावरचा पॅरॅलॅक्स हाच आपला मुख्य आकडा.

मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटर असतं. डोंगराकडे बघताना आपल्या नजरेच्या दोन रेषा समांतर असतात. पडद्यावरही डोंगराची डावी आणि उजवी प्रतिमा बरोबर ६३ मिमी अंतरावर असेल, तर डोळे समांतर राहतात आणि डोंगर खूप लांब वाटतो. अंतर याहून वाढलं तर डोळ्यांना बाहेरच्या बाजूला फाकावं लागतं. नेहमीच्या बघण्यात डोळे असं कधी करत नाहीत. दुखतात ते इथे.

माझ्या त्या कार्यक्रमाचा हिशेब सांगतो. फोटोंमधला मागचा पॅरॅलॅक्स चौकटीच्या रुंदीच्या १/३० होता. माझ्या ५३ सेंटिमीटर रुंद मॉनिटरवर हे जेमतेम १८ मिमी होतात. ४ मीटर रुंदीच्या पडद्यावर तेच १३३ मिमी झाले, म्हणजे डोळ्यांमधल्या अंतराच्या दुपटीहून जास्त. पुढची रांग पडद्यापासून ३ मीटरवर होती, तिथल्या डोळ्यांना सुमारे १.३ अंश फाकावं लागत होतं. १२ मीटरवरच्या मागच्या रांगेला फक्त ०.३ अंश. सर्वसाधारणपणे १ अंश ही टोकाची मर्यादा धरतात, आणि मी तर तिच्या बऱ्याच आत राहायचा प्रयत्न करतो.

यातून एक गोष्ट निघते, जी नव्या माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. मोठ्या पडद्याचा अंदाज मॉनिटरवर बघून घेता येत नाही. कितीही जवळ बसा. फोटो लहान झाला, तुम्ही जवळ आलात, तरी तुमच्या बाहुल्यांमधलं अंतर त्या प्रमाणात आकसत नाही. तिथे पट्टी आणि गुणाकार हेच खरे.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. ६५ सेंमीवरून त्या मॉनिटरवर १८ मिमी पॅरॅलॅक्स असलेला डोंगर डोळ्यांच्या हिशेबाने ९१ सेंमीवर दिसतो, म्हणजे काचेच्या मागे फक्त २६ सेंमी. टीव्हीचा पडदा १२० सेंमी रुंद असेल आणि तुम्ही अडीच मीटरवर बसला असाल, तर १/३० चे ४० मिमी होतात आणि तोच डोंगर साधारण ७ मीटरवर उभा राहतो. छोट्या पडद्यासाठी पॅरॅलॅक्स फार कंजूषपणे ठेवला, तर फोटो चपटा वाटणारच.

पहिली पायरी: बघण्याची जागा कागदावर उतरवा

बाहेर पडण्याआधी मी पाच गोष्टी लिहितो. चित्राची प्रत्यक्ष रुंदी, सगळ्यात जवळचा प्रेक्षक किती अंतरावर, सगळ्यात लांबचा किती अंतरावर, डावं-उजवं वेगळं करण्याची पद्धत कोणती, आणि बघणारे कोण. शेवटचा प्रश्न अनेक जण सोडून देतात. लहान मुलांच्या बाहुल्यांमधलं अंतर ५० मिमीच्या आसपास असतं, म्हणून शाळेतल्या कार्यक्रमासाठी मी ६३ ऐवजी ५० धरतो. पहिल्यांदाच स्टीरिओ बघणाऱ्यांसाठीही हात आखडता ठेवावा. आपण रोज हे फोटो बघतो, आपले डोळे तयार झालेले असतात. आपल्याला सोसतं ते पाहुण्याला सोसेलच असं नाही.

दुसरी पायरी: किती पॅरॅलॅक्स चालेल ते काढा

पडदा मोठा असेल तर गणित सरळ आहे: ६३ मिमी भागिले पडद्याची रुंदी. ३ मीटरच्या पडद्याला हे साधारण १/५० येतं. १० मीटरच्या पडद्याला काटेकोर हिशेबाने १/१६०. तेवढं पाळणं जड जातं. तिथे मी १/१०० पर्यंत जातो, कारण ५ मीटरवरच्या पहिल्या रांगेलाही तेव्हा डोळे अर्ध्या अंशापेक्षा कमीच फाकावे लागतात.

मॉनिटर, टीव्ही, हातातली प्रिंट असल्या छोट्या आकारांत फाकण्याची भीती नसते. तिथे अडचण वेगळी असते. डोळ्यांचं भिंग फोकस करतं पडद्यावर, पण दोन्ही डोळे रोखलेले असतात पडद्याच्या मागच्या किंवा पुढच्या जागेवर. रोजच्या आयुष्यात या दोन क्रिया जोडीने चालतात. त्यांची ताटातूट थोडी असेल तर कळत नाही, जास्त झाली की डोकं जड होतं. जवळच्या आणि लांबच्या वस्तूंमधला फरक एक ते दीड अंशाच्या आसपास ठेवला तर बहुतेकांना सुखाने बघता येतं. मॉनिटरवर १/३० म्हणजे दीड अंशाहून किंचित जास्त, टीव्हीवर एक अंशाहून थोडा कमी. म्हणून १/३० हा जुना ठोकताळा घरातल्या बघण्याला चांगला लागू पडतो. तो सभागृहात नेला की काय होतं, ते वर सांगितलंच.

भिंगांच्या स्टीरिओस्कोपची गोष्ट निराळी. भिंगं चित्राला दृष्टीने लांब नेऊन ठेवतात, त्यामुळे लांबचा देखावा अगदी आरामात दिसतो. होम्स पद्धतीच्या लाकडी स्टीरिओस्कोपची भिंगं साधारण २०० मिमी फोकल लेन्थची असतात, चित्र फारसं फुगवत नाहीत आणि १/३० ला सहज सामावून घेतात. फोन खोचायच्या खोक्यांची भिंगं मात्र ४० ते ४५ मिमीच्या घरात असतात. त्यांत तोच १/३० जवळजवळ पावणेतीन अंशांचा होतो. तिथे मी १/५० च्या पुढे जात नाही. शिवाय दोन्ही चित्रांतल्या सर्वांत दूरच्या बिंदूंमधलं अंतर दोन भिंगांच्या मध्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त होऊ द्यायचं नाही. फोन मोठा असला की ही चूक नकळत होते, कारण अर्ध्या-अर्ध्या पडद्यावर टाकलेली चित्रं आपोआप एकमेकांपासून लांब जातात.

लाल-निळसर चष्म्यासाठी, म्हणजे अ‍ॅनाग्लिफसाठी, वेगळे नियम लागतात. डावा डोळा लाल काचेमागे, उजवा निळसर-हिरव्या काचेमागे. छापील शाई चष्म्याच्या रंगाशी कधीच पूर्ण जुळत नाही, म्हणून एका डोळ्याचं चित्र दुसऱ्याला भुतासारखं फिकट दिसत राहतं. पॅरॅलॅक्स जितका मोठा, तितकं ते भूत मूळ वस्तूपासून लांब जाऊन डोळ्यांत भरतं. ए-४ आकाराच्या आडव्या प्रिंटसाठी मी १/५० धरतो, म्हणजे सुमारे ६ मिमी, आणि मुख्य विषय बरोबर कागदाच्या पातळीवर ठेवतो. असा फोटो काढतानाच रंगांकडेही बघावं लागतं. भडक लाल कपडा एका डोळ्याला उजळ आणि दुसऱ्याला जवळजवळ काळा दिसतो. दोन डोळ्यांची ओढाताण सुरू होते आणि तो कपडा लुकलुकल्यासारखा भासतो. माती, दगड, झाडांच्या साली, राखाडी आभाळ हे अ‍ॅनाग्लिफला मानवतात. विषयच लाल असेल, तर कृष्णधवल अ‍ॅनाग्लिफ करावा.

ध्रुवित चष्म्यांच्या प्रोजेक्शनला चंदेरी पडदा लागतो. साध्या पांढऱ्या पडद्यावरून परतताना प्रकाशाचं ध्रुवीकरण मोडतं. फिल्टरांमध्ये निम्म्याहून जास्त उजेड जातो, म्हणून मॉनिटरवर देखणा वाटलेला सांजवेळचा फोटो तिथे काळवंडतो. त्याच्या सावल्या आधीच उचलून ठेवाव्यात. काळ्या पार्श्वभूमीवर पांढराशुभ्र खांब, रात्रीचे दिवे यांच्या भोवती भूत हमखास दिसतं, त्यामुळे असे विषय पडद्याच्या पातळीजवळ राहतील अशी रचना करावी.

चष्म्याविना, नुसत्या डोळ्यांनी बघायची जोडी असेल, तर समांतर पद्धतीत, म्हणजे डावा डोळा डाव्या आणि उजवा उजव्या चित्राकडे सरळ बघतो तेव्हा, प्रत्येक चित्र ६० ते ६५ मिमीपेक्षा रुंद करू नका. डोळे तिरके करून बघायच्या पद्धतीत ही मर्यादा नाही, फक्त डावं-उजवं अदलाबदल करून ठेवायचं.

तिसरी पायरी: बेस काढा

मागचं दृश्य खूप लांब असेल, तर

बेस = जवळच्या वस्तूचं अंतर × (फ्रेमची रुंदी ÷ फोकल लेन्थ) × चालणारा हिस्सा (म्हणजे दुसऱ्या पायरीत काढलेला १/३०, १/५० असा पॅरॅलॅक्स).

पस्तीस मिमी फॉरमॅटच्या हिशेबाने फ्रेमची रुंदी ३६ मिमी. फोनचा मुख्य कॅमेरा बऱ्याचदा २६ मिमीच्या तोडीचा असतो, म्हणजे ३६ ÷ २६ = १.३८. समोर ३ मीटरवर झुडूप आहे आणि मागे डोंगर. टीव्हीसाठी, १/३० धरून, ३००० × १.३८ ÷ ३० = १३८ मिमी. मोठ्या सभागृहासाठी, १/१०० धरून, ४१ मिमी. दृश्य एकच, उभं राहण्याची जागा एकच, कॅमेरा एकच, आणि बेसमध्ये तिपटीहून जास्त फरक. हा आकडा मी पहिल्यांदा कागदावर काढला, तेव्हा माझे किती फोटो चुकीच्या जागी दाखवले गेले होते ते उमगलं.

मागे भिंत असेल, डोंगर नसेल, तर आलेल्या उत्तराला आणखी एका अपूर्णांकाने गुणा: लांबचं अंतर ÷ (लांबचं अंतर − जवळचं अंतर). झुडूप ३ मीटरवर, भिंत ६ मीटरवर, तर ६ ÷ ३ = २, म्हणजे बेस दुप्पट चालेल. फुलांचे आणि किड्यांचे जवळून काढलेले फोटो या अपूर्णांकावरच उभे असतात. मागे लांबचं काही दिसत असेल तर बेस काही मिलिमीटरवर येतो आणि फूल चपटं पडतं. त्यापेक्षा फुलामागे एखादं पान येऊ द्यावं, म्हणजे बेस वाढवायला जागा मिळते.

तुमच्या कॅमेऱ्यात दोन लेन्स पक्क्या बसवलेल्या असतील, तर बेस तुमच्या हातात नाही. मग गणित उलटं करायचं आणि जवळच्या वस्तूचं अंतर ठरवायचं. ६३ मिमी बेस आणि २६ मिमी लेन्स असताना टीव्हीसाठी सर्वांत जवळची वस्तू १.४ मीटरच्या आत नको, मोठ्या सभागृहासाठी साडेचार मीटरच्या आत नको. निघण्याआधी हे दोन आकडे कॅमेऱ्याच्या पाठीवर चिकटवून ठेवावेत.

डोंगररांगेसारख्या दूरच्या विषयात बेस फार मोठा येतो. सर्वांत जवळचा कडा ३०० मीटरवर, लेन्स ५० मिमी, हिस्सा १/३०, तर ७.२ मीटर. दोन फोटोंमध्ये तेवढं चालून जायचं. खोली झकास येते, पण डोळ्यांना तो डोंगर राहत नाही, टेबलावरचं मॉडेल होतं, कारण आपल्या डोळ्यांपेक्षा शंभरपटीहून मोठ्या अंतरावरून आपण तो बघितलेला असतो. मॉडेलसारखं दिसणं कधी हवंसं असतं, नकाशासारखं भूरूप समजावून सांगायचं असेल तर नक्कीच. डोंगराचा भव्यपणा पोचवायचा असेल, तर मी बेस निम्म्याहून कमी करतो आणि पुढे एखादं झाड घेतो.

चौथी पायरी: लेन्स निवडतानाही प्रेक्षकाची खुर्ची आठवा

प्रेक्षकाला चित्र जेवढ्या कोनात दिसतं, तेवढ्याच कोनात कॅमेऱ्याने ते टिपलं असेल, तर खोलीचं प्रमाण खरं राहतं. सोपी कसोटी अशी: बघण्याचं अंतर ÷ चित्राची रुंदी आणि फोकल लेन्थ ÷ फ्रेमची रुंदी हे दोन आकडे जवळपास सारखे यावेत. मॉनिटरपासून ६५ सेंमीवर बसणाऱ्यासाठी हे सुमारे ४४ मिमी येतं. सभागृहात पडद्याच्या रुंदीच्या दुप्पट अंतरावर बसणाऱ्यासाठी ७२ मिमी.

प्रेक्षक या अंतराच्या मागे बसला की खोली ताणली जाते, पुढे बसला की चपटी होते. ३ मीटरच्या पडद्यावर ३१ मिमी पॅरॅलॅक्स असलेलं झाड ३ मीटरवर बसलेल्याला पडद्यामागे सुमारे ३ मीटरवर दिसतं आणि ९ मीटरवर बसलेल्याला पडद्यामागे जवळपास ९ मीटरवर. सगळ्या सभागृहाला एकच फोटो सारखा दिसणं अशक्य आहे. मी मधल्या रांगेसाठी खोली ठरवतो आणि पहिल्या रांगेसाठी सुरक्षिततेची मर्यादा. व्यक्तिचित्रांत याची फार काळजी घ्यावी. वाइड लेन्सने काढलेला चेहरा मागच्या रांगेतून बघताना नाक पुढे ओढल्यासारखं दिसतं, आणि लांब टेलीने काढलेली माणसं जवळून बघताना पुठ्ठ्याच्या कटआउटसारखी एकामागे एक उभी राहतात.

पाचवी पायरी: जागेवर

एकाच कॅमेऱ्याने काढत असाल, तर वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेत दोन फोटो काढायची जुनी पद्धत स्थिर दृश्यांना उत्तम आहे. कॅमेरा दोन्ही वेळा समांतर रोखा, विषयाकडे आत वळवू नका. वळवला की एका फोटोची डावी कड उंच होते, दुसऱ्याची उजवी, आणि उभा फरक तयार होतो. आडवा फरक डोळे आनंदाने सोसतात, उभा अजिबात सोसत नाहीत. मोठ्या पडद्यावर तर किंचित चुकलेली उंचीही डोकं धरायला लावते.

आणि इथे माझा सगळ्यात मनापासून दिलेला सल्ला: दोन नाही, चार फोटो काढा. पहिल्या जागेपासून ४ सेंमी, ७ सेंमी आणि १४ सेंमी सरकून. मग सभागृहासाठी एक जोडी, फोनसाठी एक, टीव्हीसाठी एक, सगळं एकाच थांब्यावर मिळतं. वाऱ्याने हलणारी पानं, लाटा, चालणारी माणसं असतील तर हे जमत नाही. तिथे दोन कॅमेरे एकाच क्षणी चालवावे लागतात.

कडेला मोकळी जागा सोडा. पुढे जुळवणीत आणि खिडकी सरकवताना दोन्ही बाजू कापल्या जातात. मी एकूण दहा टक्के तरी रुंदी जास्तीची घेतो.

सहावी पायरी: खिडकी

चित्राच्या चार कडा मिळून एक खिडकी बनते, तिच्यातून आपण आत बघतो. दोन चित्रं एकमेकांसापेक्ष आडवी सरकवली की सगळं दृश्य या खिडकीच्या पुढे किंवा मागे जातं. एकूण पॅरॅलॅक्स तेवढाच राहतो, फक्त त्याची वाटणी बदलते. म्हणून मोठ्या पडद्यावर मागचा पॅरॅलॅक्स थोडा जास्त झाला असेल, तर दृश्य किंचित पुढे ओढून फाकणं कमी करता येतं.

पण पुढे आलेली वस्तू डाव्या किंवा उजव्या कडेने कापली जात असेल, तर मेंदू गोंधळतो: ही फांदी खिडकीच्या अलीकडे आहे, मग खिडकी तिला झाकते कशी? खालच्या कडेने कापलेली जमीन तेवढी खटकत नाही. पुढे आणायची वस्तू चौकटीत मोकळी राहील अशी जागा फोटो काढतानाच सोडायला हवी. उडणारा पक्षी, पुढे केलेला हात, मधोमध टांगलेला दिवा ही यासाठी योग्य गिऱ्हाइकं. कडेवरचं झुडूप नव्हे.

सातवी पायरी: मोजा

स्टीरिओफोटो मेकरसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये जोडी उघडा, आपोआप जुळवणी करून उभा फरक काढून टाका, मग सर्वांत मागचा बिंदू दोन्ही चित्रांत शोधून पिक्सेल मोजा. ३८४० पिक्सेल रुंद चित्रात १/३० म्हणजे १२८ पिक्सेल, १/५० म्हणजे ७७, १/१०० म्हणजे ३८. मोजमाप मर्यादेत नसेल, तर त्या जागेसाठी दुसरी जोडी घ्या. नसेल दुसरी, तर पुढची वस्तू कापून टाकता येते का बघा, कारण जवळची वस्तू गेली की एकूण पॅरॅलॅक्सही घटतो. तेही शक्य नसेल, तर तो फोटो त्या पडद्यावर दाखवू नका. कितीही आवडता असला तरी.

शक्य असेल तिथे कार्यक्रमाआधी सभागृहात जाऊन पडद्याला चक्क पट्टी लावून पॅरॅलॅक्स मोजा आणि पहिल्या रांगेतल्या अगदी कडेच्या खुर्चीत बसून सगळी मालिका एकदा बघा. एका फोटोत जवळचं दृश्य पुढे आलेलं आणि लगेच पुढच्यात सगळं लांब गेलेलं असेल, तर डोळ्यांना दर वेळी झटका बसतो. अशा जागी मधे एखादा बेताचा फोटो टाकावा.

प्रत्येक जोडीच्या फाइलच्या नावात मी बेस, जवळच्या वस्तूचं अंतर, लेन्स आणि मोजलेला हिस्सा लिहून ठेवतो. उदाहरणार्थ, «झुडूप-डोंगर, ४१ मिमी, ३ मी, २६ मिमी, १/१००». दोन वर्षांनी कुणी वेगळ्या पडद्यासाठी फोटो मागितले, की यादी वाचूनच कोणती जोडी पाठवायची ते कळतं.